नॉर्मंडीच्या स्वारीची पाठपरंपरा

अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांत अ‍ॅबिलीन या गांवीं जनरल आयझेनहॉवर यांच्या कागदपत्रांचा संग्रह आहे. त्यांत शिसपेनीनें लिहिलेलें एक चिटोरें जपून ठेविलें आहे. ५ जून १९४४ रोजीं, म्हणजे फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरण्याच्या आदल्या दिवशीं, सेनापतीनें तें स्वहस्तें लिहिलें. स्वारी फसलीच तर जगास काय कळवावयाचें तें त्यांत चारदोन वाक्यांत आहे. सैन्य माघारीं घेतलें आहे, शिपायांनीं, वैमानिकांनीं व आरमारानें शर्थ केली, दोष द्यावयाचा तर तो माझा एकट्याचा, असा त्याचा आशय. एका ठिकाणीं प्रथम ‘ही मोहीम’ अशा अर्थाचे मोघम शब्द लिहून मग ते खोडले आहेत व त्यांच्या जागीं ‘हल्ल्याचा माझा निर्णय’ अशा अर्थाचे शब्द घातले आहेत. आणि खालीं मिति घातली आहे ती ५ जुलै!

हस्तलिखितें चाळण्यांत ज्यांचीं वर्षें गेलीं त्यांस या मितीचें मोल निराळें सांगावयास नको. मूळ चिटोरें नष्ट होऊन केवळ नक्कल उरली असती, तर जुलैंत दुसरी एखादी चढाई ठरली होती काय, या प्रश्नावर कोणी निबंध लिहिला असता. उलट एखाद्या भाविक नकलाकारानें ‘जुलै’चा ‘जून’ केला असता, तर त्या दिवशींच्या सेनापतीच्या मनःस्थितीचा एक बारीकसा पण अस्सल पुरावा पुसला गेला असता. चूक ही देखील साक्ष असते.

हें सांगण्याचें निमित्त असें. आमचा एक जुना विद्यार्थी, चांगला वाचन असलेला, ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ हा १९९८ सालचा चित्रपट पाहून आल्यावर आम्हांस म्हणाला, “सर, आतां त्या लढाईवर पुस्तक वाचण्याचें कारण उरलें नाहीं. कसें झालें तें डोळ्यांनीं पाहिलें.” त्या वेळीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. पुढें सेवानिवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हां या स्वारीवरील मुख्य ग्रंथ व चित्रपट, पोथ्यांच्या प्रती ताडून पाहाव्या तसे, एकमेकांशेजारीं ठेवून पाहिले. त्यांतून जें दिसलें तें येथें मांडतों. भांडारकर संस्थेंत डॉ. सुखटणकर यांनीं महाभारताच्या आदिपर्वाची चिकित्सित आवृत्ति १९३३ सालीं पुरी केली, तेव्हांपासून आपल्याकडील अभ्यासकांस एक गोष्ट पक्की ठाऊक आहे : प्रतींची संख्या म्हणजे साक्षींची संख्या नव्हे. शंभर पोथ्या एकाच मूलादर्शावरून उतरल्या असतील, तर त्यांची साक्ष एकच. नॉर्मंडीच्या स्वारीचें तसेंच आहे.

प्रथम घटनेचा सांगाडा. ६ जून १९४४ रोजीं पांच किनाऱ्यांवर सैन्य उतरलें. युटा व ओमाहा हे दोन अमेरिकनांकडे, गोल्ड व सॉर्ड ब्रिटिशांकडे, जूनो कॅनडाकडे. आदल्या मध्यरात्रीच्या सुमारास तीन हवाई पथकें छत्र्यांनीं व इंजिनविरहित विमानांनीं आंत उतरलीं होतीं. दिवस मावळेपर्यंत सुमारें १,५६,००० सैनिक फ्रान्सच्या भूमीवर होते. त्यांत ब्रिटिश व कॅनेडियन मिळून अमेरिकनांपेक्षां अधिक होते. चित्रपटांवरच ज्यांची भिस्त आहे त्यांस हें वाचून आश्चर्य वाटेल. त्या एका दिवसांत दोस्तांचे ४,४१४ लोक मेले, असा नांवनिशीवार आंकडा अमेरिकेंतील व्हर्जिनिया संस्थानच्या बेडफर्ड येथील स्मारक-संस्थेनें जुळविला आहे. त्यांपैकीं अमेरिकन २,५०१.

आतां पाठभेदांकडे वळूं. स्वारीची आज्ञा पोर्ट्स्मथजवळील साउथविक वाड्यांत, ५ जूनच्या पहांटे, वादळ थोडें ओसरेल असें हवामानशास्त्रज्ञानें सांगितल्यावर दिली गेली. खोलींत बसलेले सारे लोक मोठ्या हुद्द्याचे, सुशिक्षित, आणि पुढें आठवणी लिहिणारे. तरी आयझेनहॉवरनें नेमके कोणते शब्द उच्चारले याविषयीं त्या साक्षीदारांचें एकमत नाहीं. कोणी म्हणतो ‘चला’, कोणी ‘ठीक, आपण जाऊं’. सेनापति बसून होता कीं येरझाऱ्या घालीत होता, घड्याळांत किती वाजले होते, खोलींत कोण कोण होतें, यांतहि मतभेद आहेत. खुद्द आयझेनहॉवरनेंहि निरनिराळ्या वेळीं निरनिराळें सांगितलें. जेथें आज्ञेचे दोन शब्द निश्चित होत नाहींत, तेथें वाळूंत लोळणाऱ्या शिपायांच्या तोंडचीं लांबलांब वाक्यें ग्रंथकारांस कोठून मिळालीं, हा प्रश्न मनांत ठेवूनच पुढें वाचावें.

या स्वारीच्या लोकप्रिय कथनाचा एक मोठा मूलादर्श आहे. तो म्हणजे कॉर्नेलियस रायन या आयरिश वार्ताहराचा ‘द लाँगेस्ट डे’ हा १९५९ चा ग्रंथ. (वर उल्लेखिलेल्या चित्रपटांतील शिपाई रायन याच्याशीं याचा संबंध नाहीं.) या गृहस्थानें वर्तमानपत्रांतून जाहिराती देऊन त्या दिवशींच्या लोकांचा शोध केला, प्रश्नावल्या पाठविल्या, हजारावर उत्तरें मिळविलीं व शेंकडों जणांस स्वतः भेटला. अमेरिकन, ब्रिटिश, जर्मन, फ्रेंच, सर्वांस विचारलें. तो सर्व संग्रह ओहायो विद्यापीठांत आज पाहावयास मिळतो. रायनची मेहनत पाहून आमच्या कै. राजवाड्यांची आठवण होते. फरक इतकाच कीं, राजवाडे समकालीन कागद गोळा करीत, रायन चौदा-पंधरा वर्षांनंतरच्या आठवणी. आठवण ही बखरीच्या जातीची असते, कागदाच्या नव्हे.

या ग्रंथावरून डॅरिल झॅनक यानें १९६२ सालीं त्याच नांवाचा तीन तासांचा कृष्णधवल चित्रपट काढला. जर्मन जर्मनांत बोलतात, फ्रेंच फ्रेंचांत, हा त्याचा मोठाच गुण. परंतु ग्रंथाचा चित्रपट होतांना काय गळतें, याचें पॉइंट द्यु ऑक या कड्यासारखें दुसरें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

हा समुद्रांत घुसलेला सुमारें तीस मीटर उंचीचा सरळ कडा. त्यावर जर्मनांच्या १५५ मिलिमीटरच्या तोफा असून त्या युटा व ओमाहा दोन्ही किनारे भाजून काढतील, अशी भीति होती. कर्नल रडर याच्या हाताखालीं सवादोनशें रेंजर दोरांनीं व शिड्यांनीं तो कडा चढले. वर जाऊन पाहतात तों काँक्रीटच्या घरट्यांत तोफा नाहींत. चित्रपटांत येथें एक रेंजर विषण्णपणें विचारतो कीं आपण हें सर्व फुकटच केलें काय, आणि दृश्य संपतें. प्रेक्षक हळहळतो.

परंतु रायनच्या ग्रंथांत या प्रसंगास एक तळटीप आहे. सुमारें दोन तासांनीं रेंजरांच्या एका टेहळणी तुकडीस मैलभर आंत, झाडांच्या आडोशाला, दारूगोळ्यासह सज्ज ठेवलेल्या पांच तोफा सांपडल्या, त्या बहुधा याच कड्यावरील असाव्यात, असें त्या टीपेंत सांगितलें आहे. लॉमेल व कून या दोन सार्जंटांनीं त्या तोफा धातु वितळविणाऱ्या बाँबांनीं निकामी केल्या, हें आज सर्वमान्य आहे. म्हणजे कड्यावर चढलेल्यांचें काम सकाळीं नऊच्या सुमारासच सिद्धीस गेलें होतें. त्यानंतर दोन दिवस ते तेथें वेढ्यांत लढले व अखेरीस हत्यार धरण्याजोगे सुमारें नव्वद उरले. ग्रंथांत जी गोष्ट तळटीपेंत होती, ती चित्रपटांत नाहींशी झाली, कारण चित्रपटाला तळटीप नसते. आणि ग्रंथ वाचणाऱ्या एकामागें चित्रपट पाहणारे शंभर असल्यानें, तळटीप गळालेला पाठच प्रचलित झाला.

येथें एक कबुली दिली पाहिजे. आम्हीं हा चित्रपट तरुणपणीं पाहिला होता. पुढें इतिहासाच्या तासाला, युद्धांतील निष्फळ बलिदानाचें उदाहरण म्हणून, आम्हीं कित्येक वर्षें याच कड्याची गोष्ट सांगितली. मुलें स्तब्ध बसून ऐकत. ग्रंथ मूळांतून वाचला तो निवृत्तीनंतर, आणि ती तळटीप वाचून पुस्तक मिटून ठेविलें. ज्या मुलांस ती गोष्ट सांगितली तीं आतां चाळिशी-पन्नाशीचीं असतील. त्यांस बोलावून चूक दुरुस्त करण्याची सोय नाहीं. दुसऱ्यांच्या प्रमादांची यादी करण्यापूर्वीं स्वतःचा नोंदवावा, म्हणून हें लिहिलें.

याच चित्रपटांत उईस्त्रेआम गांवच्या कॅसिनोवर फ्रेंच कमांडो चाल करतात तें दृश्य फार गाजलें. भर गोळीबारांत जोगिणी रांगेनें चालत जखमींच्या शुश्रूषेस येतात. कॅसिनोची ती इमारत जर्मनांनीं स्वारीपूर्वींच पाडून तेथें भक्कम ठाणें बांधलें होतें, आणि चित्रीकरण झालें तें दुसऱ्याच गांवीं, पोर्त-आं-बेसँ येथें, उभारलेल्या देखाव्यांत. जोगिणी तर कवीच्याच. सेंत-मेर-एग्लीझच्या देवळाच्या मनोऱ्यास छत्री अडकून लोंबकळलेला स्टील नांवाचा सैनिक मात्र खरा. पण आज तेथें मनोऱ्यावर त्याची बाहुली कायमची टांगलेली आहे व यात्रेकरू तिचें दर्शन घेतात. चित्रपटानें प्रसिद्ध केलेला प्रसंग असा पुन्हां दगडमातीच्या स्थळावर येऊन बसतो, आणि पुढील पिढीस तें स्थळच चित्रपटाचा पुरावा वाटूं लागतें.

ओमाहा किनाऱ्याची कथा सर्वांत दारुण, म्हणून तीच सर्वांत अधिक चित्रित. सकाळीं साडेसहाला पहिली लाट आली आणि कित्येक तुकड्या पाण्यांतच कापल्या गेल्या. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ मधील आरंभींचीं चोवीसेक मिनिटें याच किनाऱ्याचीं आहेत. तीं आयर्लंडांतील वेक्सफर्डच्या वाळूवर घेतलीं. भीति, गोंधळ, समुद्राचें लाल पाणी यांविषयीं, तेथून परतलेल्या अनेकांनीं ‘असेंच होतें’ अशी ग्वाही दिली. ती ग्वाही आम्ही मानतों. पण ग्वाही कशाची तें नीट पाहावें. ती अनुभवाची ग्वाही आहे, क्रमाची नव्हे. चित्रपटांत चोवीस मिनिटांत किनारा सर होतो. प्रत्यक्षांत दुपारपर्यंत वरिष्ठांस मोहीम फसल्याची धास्ती होती. कोंडी फुटली ती कशानें? अमेरिकन युद्धखात्याच्या इतिहास-शाखेनें १९४५ मध्येंच ‘ओमाहा बीचहेड’ ही पुस्तिका काढली. तिच्यावरून दिसतें कीं, घाटवाटांच्या तोंडावरील ठाणीं समोरून फुटलीं नाहींत. लहान लहान टोळ्या दोन वाटांच्या मधल्या गवताळ उतारावरून, सुरुंगांतून पाय जपत, वर चढल्या व मागून गेल्या. शिवाय विनाशिका जहाजें तळ वाळूस लागेल इतकीं जवळ येऊन तोफा डागीत होतीं. १९६२ च्या चित्रपटांत याऐवजीं भिंतीस सुरुंग लावून एकच प्रचंड स्फोट होतो व सैन्य लोंढ्यानें आंत घुसतें. १९९८ च्या चित्रपटांत त्या विनाशिका कोठेंच नाहींत. एका धडाक्यानें दार उघडणें हें दृश्य म्हणून सोपें. दहावीस टोळ्यांची मुकाट चढण दाखविणें कठिण. संपादनशास्त्रांत कठिण पाठ ग्राह्य धरावा असा नियम आहे. तो येथें अक्षरशः लागू पडतो.

आतां ज्या गोष्टीमुळें हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येतों. त्या सकाळीं ओमाहावर रॉबर्ट कापा नांवाचा छायाचित्रकार उतरला होता. त्यानें कांहीं चित्रें घेतलीं व तो परतीच्या नौकेनें इंग्लंडांत आला. चित्रें ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या १९ जून १९४४ च्या अंकांत आलीं. पाण्यांतून सरपटणारा एक शिपाई, मागें लोखंडी अडथळे, आणि सर्व कांहीं हललेलें, धूसर. प्रसंगाच्या क्षोभानें छायाचित्रकाराचा यंत्र धरलेला हात हालला, असें स्पष्टीकरण साप्ताहिकानें दिलें. कापानें १९४७ च्या आत्मवृत्तांत निराळें सांगितलें : चित्रें शंभरांवर होतीं, पण लंडनच्या अंधारखोलींतील साहाय्यकानें घाईंत ऊब अधिक दिल्यानें फिती वितळून गेल्या व आठच वांचलीं. परंपरा मात्र अकरा म्हणते. २०१४ पासून कोलमन या समीक्षकानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं हें प्रकरण उकरून काढलें. तशा उबेनें फिती वितळत नाहींत, कापा किनाऱ्यावर फार थोडा वेळ होता, आणि बहुधा जितकीं चित्रें उरलीं तितकींच घेतलीं गेलीं, असें त्यांचें म्हणणें. ‘लाइफ’च्या लंडन कचेरींतील चित्रसंपादक मॉरिस यानें सत्तर वर्षें वितळलेल्या फितींची गोष्ट सांगितली होती. त्यानेंहि त्याच वर्षीं ही शक्यता मान्य केली. यांत कापाच्या धैर्यास उणेपणा येत नाहीं. गोळ्यांच्या वर्षावांत अर्धा तास उभें राहणें हेंहि आपणांपैकीं किती जणांस साधेल?

परंतु पुढें काय झालें तें पाहा. स्पीलबर्गनें आपल्या चित्रपटाचा तो भाग काढतांना कापाचीं चित्रें डोळ्यांपुढें ठेविलीं, असें त्यानें स्वतः सांगितलें आहे. यंत्र हातीं धरून हालविलें, भिंगांवरील लेप काढून टाकला, रंग फिके केले. म्हणजे एका माणसाच्या एका सकाळचा हात हालला, आणि पन्नास वर्षांनीं तो हेलकावा शैली बनला. त्यानंतरच्या युद्धपटांत व संगणकावरील युद्ध-खेळांत युद्ध म्हटलें कीं चित्र हालावयाचेंच. लेखनिकाच्या हातून पोथीवर शाईचा डाग पडावा, आणि पुढच्या प्रत्येक नकलाकारानें तो डाग भक्तीनें रंगवून काढावा, तसा हा प्रकार आहे. आमच्या विद्यार्थ्यास जें ‘डोळ्यांनीं पाहिल्या’सारखें वाटलें तें बहुतांशीं या डागामुळें. त्याच दिवशीं जूनो किनाऱ्यावर कॅनडाच्या सैन्याच्या चित्रण-पथकानें नौकेंतून उतरणाऱ्या शिपायांचें चलच्चित्र घेतलें आहे. तें स्थिर आहे, स्वच्छ आहे. दार खालीं पडतें, समोर किनाऱ्यावरचें एक घर दिसतें, एक जण पुढल्याच्या खांद्यावर थाप देतो आणि ते जातात. अस्सल तें हेंहि आहे. पण त्याची शाखा पसरली नाहीं.

नवल असें कीं, याच नॉर्मंडीतील बेयो या गांवीं याहून जुन्या एका स्वारीचें चित्रण आहे. १०६६ सालीं नॉर्मन लोक उलट दिशेनें इंग्लंडावर गेले. त्याची कथा सुमारें ७० मीटर लांबीच्या कापडावर दोऱ्यांनीं भरलेली आहे. इंग्रजांचा राजा हॅरल्ड डोळ्यांत बाण लागून पडला, ही समजूत मुख्यतः त्यावरच टेकते. परंतु एकोणिसाव्या शतकांत त्या भरतकामाची डागडुजी झाली, आणि अठराव्या शतकांतील नकलेंत तो बाण आजच्यासारखा दिसत नाहीं. तेव्हां राजाच्या डोळ्यांतील बाण किती जुना, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. १९४४ च्या स्वारीचेंहि असेंच ८३ मीटरांचें भरतकाम इंग्लंडांत पोर्ट्स्मथ येथें आहे. त्याचा टांका पुढें कोण कसा दुरुस्त करील तें पाहणारे पाहतील.

प्रक्षेपांचीं उदाहरणें विस्तारभयास्तव दोनच देतों. मार्शल या अमेरिकन सैनिकी इतिहासकारानें १९६० सालीं एका मासिकांत लिहिलें कीं, ओमाहासमोर एका नौकेचा ब्रिटिश नाविक पुढें जाण्यास कचरला, तेव्हां अमेरिकन कप्तानानें त्याच्यावर पिस्तूल रोखलें. ही गोष्ट पुढें पुस्तकापुस्तकांतून फिरली. त्याच नौकेंतून जिवंत राहिलेल्या शिपायानें असें कांहीं घडलेंच नाहीं, असें स्पष्ट सांगितलें. पण तें सांगणें पुस्तकांइतकें दूर गेलें नाहीं. दुसरें : अ‍ॅम्ब्रोज याच्या १९९२ च्या ग्रंथावरून झालेल्या ‘बँड ऑफ ब्रदर्स’ (२००१) या मालिकेंत ब्लाइद नांवाचा सैनिक जखमांतून न उठतां १९४८ सालीं वारल्याचें पडद्यावर अक्षरांत दाखविलें. तो मनुष्य सैन्यांत नोकरी करीत राहून १९६७ सालीं वारला. सोबत्यांनीं त्यास मेलेला समजून ग्रंथकारास तसें सांगितलें, ग्रंथावरून पडद्यावर आलें, पडद्यावरून सर्वत्र गेलें. साक्षी अनेक, मूळ एक, आणि तेंच चुकलेलें.

गाळलेल्या मजकुराविषयीं बोलणें अधिक कठिण, कारण गळालेलें दिसत नाहीं. १९९८ चा चित्रपट कोलव्हीलच्या अमेरिकन दफनभूमींत सुरू होतो व तेथेंच संपतो. तेथें नऊ हजारांहून अधिक थडगीं आहेत. कांहीं मैलांवर ला कांब येथें एकवीस हजारांवर जर्मन पुरले आहेत. तेथें कॅमेरा गेला नाहीं. स्वारी व त्यानंतरच्या लढाईंत नॉर्मंडीतील सुमारें वीस हजार फ्रेंच रयत, बरीचशी दोस्तांच्याच बाँबवर्षावानें, प्राणांस मुकली. काँ शहराची राख झाली. त्यांचा कोठें ओझरता उल्लेख असतो, कोठें तोहि नाहीं.

आणि एक गळती आपल्या अंगाशीं आहे. रोम शहर दोस्तांच्या हातीं आलें तें ४ जून १९४४ रोजीं. दोनच दिवसांत नॉर्मंडीच्या वार्तेनें ती बातमी झांकली गेली, आणि इटलीची लढाई जगाच्या दृष्टीआड झाली ती कायमची. त्या लढाईंत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. कुलाबा जिल्ह्यांतील माणगांवकडचे यशवंत घाडगे हे १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले व तें सर करून तेथेंच पडले. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्या वर्षीं सेनियो नदीवर नामदेव जाधव यांस तोच मान मिळाला. ओमाहाच्या एका सकाळवर जितकीं पुस्तकें आहेत, त्यांच्या शतांशहि मराठी पलटणींच्या इटलीतील दोन वर्षांवर नाहींत. सैनिकांचीं पत्रें लष्करी तपासनीस उघडून वाचीत व त्यांतील उतारे भाषांतर करून वरिष्ठांस पाठवीत. ते अहवाल लंडनास ब्रिटिश ग्रंथालयांत आहेत. पण तीं भाषांतरें. मूळ मराठी पत्रें, जीं घरीं पोंचलीं तीं, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांतील पेट्यांत व फडताळांत अजून असण्याचा संभव आहे.

तरी जुन्या कागदांच्या संग्राहकांस विनंति कीं, पेशवाईच्या दप्तरांचा शोध करतांना १९४२ ते १९४५ च्या दरम्यानचें लष्करी टपालाचें एखादें पाकीट हातीं लागल्यास तें अर्वाचीन म्हणून बाजूस टाकूं नये. या त्रैमासिकाकडे कळविल्यास प्रस्तुत लेखक नक्कल करून मूळ परत करील. मात्र पत्रावरील मिति, शुद्धलेखन वा एखादें अक्षर चुकलेलें दिसलें तरी कृपा करून तें सुधारूं नये.